जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

साष्टीच्या वायव्य टोकाशी, वसईच्या खाडीच्या मुखाजवळ वसलेल्या उत्तन गावातून जबड्याच्या व्यंगावर इलाज करून घेण्यासाठी निघालेल्या माणसाला मोर्वा, राई, मुर्धा ही गावे मागे टाकीत प्रथम भाईंदरचे स्थानक गाठावे लागते, आणि तेथून पश्चिम रेल्वेच्या लोकलने मुंबईत उतरल्यावर, १९३३ साली सुरू झालेले मुंबई सेंट्रलजवळचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय किंवा फोर्टातील सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय यांसारख्या संस्थांच्या दारी त्याचा केसपेपर निघतो. अशा एका फेरीत घरातल्या एका माणसाचा कामाचा दिवस जातो. म्हणूनच, वरचा आणि खालचा जबडा एकमेकांशी जुळवून देणारी मोठी शस्त्रक्रिया एकदा पार पडली, टाके विरघळले, सूज उतरली आणि आरशात पालटलेला चेहरा दिसू लागला, की ‘सुटलो एकदाचे’ असे म्हणून पुढच्या तारखा चुकविण्याकडे घरच्यांचा कल होतो. आणि ज्या काळात या साऱ्या खटाटोपाचे फळ टिकते की निसटते याचा निकाल लागायचा असतो, नेमक्या त्याच काळात रुग्ण आणि वैद्य यांची फारकत होते.

शस्त्रक्रियेने जबडा नव्या जागी बसतो, एवढे सर्वांना दिसते. तो त्या जागी पाच वर्षांनी, दहा वर्षांनी राहतो काय, न राहिल्यास का राहत नाही, आणि राहावा म्हणून वैद्याने व रुग्णाने काय तजवीज करावयाची, हा विषय मात्र ऑपरेशनच्या आधी होणाऱ्या बोलण्यात फार थोडी जागा मिळवितो. वास्तविक, या उपचारासाठी दोन-तीन वर्षे आणि बरीच मोठी रक्कम खर्च करणाऱ्या कुटुंबाला त्याची सविस्तर माहिती पहिल्याच भेटीत मिळावयास हवी.

दात वेडेवाकडे असणे आणि जबडे विजोड असणे ही दोन व्यंगे सामान्य बोलण्यात एकच मानली जातात. पण त्यांचे इलाज निराळे आहेत. तारा बसवून दात सरकविता येतात, परंतु ते ज्या हाडात रुजलेले असतात त्या हाडाच्या मर्यादेतच. आणि जेव्हा खालचा जबडाच फार पुढे वाढलेला असतो, किंवा फार मागे राहिलेला असतो, किंवा वरचा जबडा खाली लांबल्यामुळे हसताना हिरड्यांची रुंद पट्टी उघडी पडते, किंवा दाढा एकमेकींवर टेकूनही पुढच्या दातांत फट राहते व भाकरीचा तुकडा त्या दातांनी तोडता येत नाही, तेव्हा दोष हाडांच्या मापात असतो आणि तो हाड कापूनच दूर करावा लागतो. हे काम दंतव्यंगोपचारतज्ज्ञ, म्हणजे लोक ज्यांना ‘तारवाले डॉक्टर’ म्हणतात ते, आणि मुखशल्यचिकित्सक या दोघांनी मिळून करावयाचे असते. बहुधा प्रथम वर्ष-दीड वर्ष तारा, मग शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर पुन्हा काही महिने तारा असा त्याचा क्रम असतो. निसर्गाने जबड्यांचा विजोडपणा झाकण्यासाठी जे दात आत किंवा बाहेर कलविलेले असतात, ते पहिल्या टप्प्यात आपापल्या हाडावर सरळ उभे केले जातात. त्यामुळे झाकलेला दोष उघडा पडतो, चेहरा काही काळ पूर्वीपेक्षा अधिक विद्रूप भासतो, आणि याची पूर्वकल्पना नसलेली माणसे येथेच धीर सोडतात. हा टप्पा उरकता घेतला, तर शस्त्रक्रियेच्या वेळी हाडे पुरेशी हलविता येत नाहीत आणि उरलेला दोष पुढे आयुष्यभर दातांच्या कलण्यावर झाकावा लागतो.

या शस्त्रक्रियेचा इतिहास हा एका अर्थाने स्थैर्याच्या शोधाचाच इतिहास आहे. १८४९ साली अमेरिकेत तेव्हाच्या व्हर्जिनियातील व्हीलिंग या गावी सायमन हलिहेन या शस्त्रवैद्याने एका तरुणीच्या खालच्या जबड्याचा पुढचा भाग कापून मागे बसविला. लहानपणी भाजल्यामुळे मानेवरची कातडी आखडून तिचा जबडा खाली आणि पुढे ओढला गेला होता. जबड्यापाठोपाठ हलिहेनने मानेवरचा तो ओढाही वेगळ्या शस्त्रक्रियेने सोडविला. कारण ज्या ओढीने हाड वाकले ती तशीच ठेवली, तर सरळ केलेले हाड पुन्हा वाकणार, हे त्याने ओळखले होते. १९०१ साली फ्रान्समध्ये रने ल फोर याने मृतांच्या मस्तकांवर प्रयोग करून वरचा जबडा आघाताने कोणकोणत्या रेषांवर मोडतो हे दाखवून दिले, आणि त्यांतल्या सर्वांत खालच्या रेषेवर हाड मुद्दाम कापून वरचा जबडा हलविण्याची पद्धत पुढे रूढ झाली. जर्मनीच्या वास्मुंडने १९२७ साली ती वापरली, पण हाड पुरते मोकळे न करता नंतर रबराच्या ताणाने ओढून आणण्यावर त्याचा भर होता. १९६० च्या दशकात झुरिकच्या ह्यूगो ओब्वेगेझर याने आग्रहाने मांडले की, वरचा जबडा बोटाने सहज हलेल इतका मोकळा केल्यावाचून तो नव्या जागी बसवू नये, कारण ताणाखाली बसविलेले हाड ताणाच्या दिशेने परतते. इतके मोकळे केलेले हाड रक्तपुरवठ्यावाचून मरणार नाही काय, ही भीती अमेरिकेच्या विल्यम बेल याने माकडांवरील प्रयोगांनी १९७० च्या दशकात दूर केली.

खालच्या जबड्यासाठी ओब्वेगेझर आणि त्याचे गुरू ट्राउनर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेली पद्धत आजही, पुढच्या सुधारणांसह, जगभर चालते. बाहेरच्या कातडीला धक्का न लावता, शेवटच्या दाढेमागे तोंडाच्या आतून छेद घेतात आणि जबड्याचा कानाकडे उभा जाणारा भाग उघडा करतात. त्याच्या आतल्या अंगाला, खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जेथे हाडात शिरते त्याच्या किंचित वर, एक आडवा काप घेतला जातो; बाहेरच्या अंगाला, दाढांच्या बाजूने, एक उभा; आणि या दोहोंना जोडणारा तिसरा काप हाडाच्या पुढच्या कडेने उतरतो. मग पातळ छिन्न्या हळूहळू आत घालीत हाड त्याच्या जाडीतून उभे उकलतात. बाहेरचा पापुद्रा कानापुढच्या सांध्याशी जोडलेला राहतो आणि आतला दात व नस घेऊन सुटा होतो. दोन्ही बाजूंनी हे झाले की दातांची सारी कमान पुढे किंवा मागे सरकविता येते, आणि तरीही हाडाचे दोन रुंद पृष्ठभाग एकमेकांवर टेकलेलेच असल्यामुळे ते चांगले सांधतात. नस उकलत्या हाडाच्या इतकी लगत असते की नंतर काही दिवस किंवा महिने खालचा ओठ बधिर राहणे नेहमीचे आहे. काहींचा थोडा बधिरपणा कायम राहतो, आणि ही गोष्ट संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी रुग्णाला स्पष्ट सांगितली पाहिजे.

कापलेले हाड धरून ठेवावयाचे कसे, हा पुढचा प्रश्न. पूर्वी हाडांचे तुकडे तारेने बांधून वरचे व खालचे दात सहा ते आठ आठवडे एकमेकांना आवळून ठेवीत. माणूस त्या मुदतीत दातांच्या फटींतून पातळ पदार्थ ओढून जगत असे, आणि तारेतले हाड तेवढ्यातही थोडेथोडे सरकतच राही. १९७० च्या दशकात युरोपात, बाझेलच्या श्पीसल याने स्क्रूंनी, आणि फ्रान्सच्या मिशले व शांपी यांनी छोट्या धातुपट्ट्यांनी, जबड्याची हाडे घट्ट जखडण्याच्या पद्धती रुजविल्या. आज टायटेनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू सर्रास वापरले जातात. तोंड बहुतेक वेळा लवकरच उघडता येते, आणि काही हालचालींचे स्थैर्य या एका सुधारणेने पुष्कळ वाढले. परंतु सर्व हालचालींचे नाही.

हे कळले ते मोजमापाने. १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राट यांनी डोके एका ठराविक चौकटीत स्थिर धरून बाजूने क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत बसविली, आणि तिच्यामुळे एकाच माणसाची निरनिराळ्या वर्षांची चित्रे एकमेकांशी ताडून पाहता येऊ लागली. पारदर्शक कागद चित्रावर ठेवून कवटीच्या तळाची, वरच्या जबड्याची, खालच्या जबड्याची आणि पुढच्या दातांची बाह्यरेषा पेन्सिलीने काढावयाची. वर्षभराने घेतलेल्या चित्राची रेषा दुसऱ्या रंगाने काढावयाची. आणि प्रौढ माणसात बहुतांशी न बदलणारा कवटीचा तळ एकावर एक जुळवून, हनुवटी किंवा दात किती मिलिमीटर हलले ते वाचावयाचे. आज हे काम संगणक करतो, पण तत्त्व तेच आहे. रुग्ण तपासणीला आलाच नाही, तर मात्र ताडून पाहावयाला दुसरे चित्रच नसते.

असा दस्तऐवज चिकाटीने जमविण्याचे मोठे काम अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात झाले. विल्यम प्रॉफिट, टिमोथी टर्व्ही आणि सीब फिलिप्स यांनी तेथील रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून, १९९६ साली आणि पुन्हा २००७ साली, जबड्यांच्या हालचालींची स्थैर्यानुसार एक प्रतवारी प्रसिद्ध केली. दोन मिलिमीटरपेक्षा कमी बदल त्यांनी नगण्य मानला. दोन ते चार मिलिमीटरचा बदल तारांनी सावरता येण्याजोगा. आणि चारच्या पुढचा बहुधा तारांच्या आवाक्याबाहेरचा. या मापाने सर्वांत स्थिर ठरली ती वरचा जबडा वर उचलण्याची शस्त्रक्रिया, आणि चेहरा लांब नसलेल्या माणसात खालचा जबडा पुढे आणण्याची शस्त्रक्रिया. त्यांत दोन मिलिमीटरपेक्षा अधिक बदल होण्याचा संभव शेकडा १० हून कमी. वरचा जबडा पुढे आणणे त्याच्या खालोखाल; तेथे असा संभव शेकडा २० च्या आत. वरचा जबडा वर आणि खालचा पुढे, किंवा वरचा पुढे आणि खालचा मागे, अशा दोन्ही जबड्यांच्या एकत्रित हालचाली पट्ट्यांनी जखडल्या तरच स्थिर राहतात. आणि खालचा जबडा एकटाच मागे नेणे, वरचा जबडा खाली उतरविणे आणि वरचा जबडा रुंद करणे या तीन हालचाली चिंतेच्या ठरल्या: त्यांत दोन ते चार मिलिमीटर परतण्याचा संभव शेकडा ४० ते ५०, आणि काहींत त्याहूनही अधिक.

या प्रतवारीमागे एक साधे कारण आहे. हाडे स्क्रूंनी जखडली तरी त्यांभोवतीचे स्नायू, कातडी, टाळ्याचे आवरण, जीभ आणि ओठ यांना नवी जागा मंजूर असतेच असे नाही. ते आपल्या जुन्या लांबीकडे ओढत राहतात. उत्तनचे कोळी समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना डोलजाळे बांधतात, आणि भरतीचा व ओहोटीचा प्रवाह दिवसातून अनेक वार त्यावर आदळतो. खुंट किती नीट रोवला हे रोवण्याच्या दिवशी ठरत नसून उधाणाच्या अनेक फेऱ्यांनंतर ठरते, तशीच जबड्याची गत आहे. वरचा जबडा वर उचलला म्हणजे चावण्याचा जोर त्याला वरच ढकलतो, म्हणून तो टिकतो. खाली उतरविला म्हणजे तोच जोर त्याला परत वर नेऊ पाहतो. वरचा जबडा रुंद केला म्हणजे टाळ्याचे ताणलेले आवरण त्याला आत ओढते. खालचा जबडा मागे नेताना शस्त्रवैद्याच्या हातून सांध्याकडचा उभा भाग किंचित मागे कलला, तर चावण्याचे स्नायू कामाला लागताच तो पूर्वीच्या कलावर आणतात आणि हनुवटी पुढे येते. खालचा जबडा पुढे आणताना तो वरच्या दिशेने फिरवून पुढची फट मिटविली, तर जबड्याच्या कोनाभोवतीचा स्नायूंचा पट्टा ताणला जातो आणि तो ताण सहजासहजी मुरत नाही. म्हणूनच आज, खालचा जबडा फार पुढे असलेल्या रुग्णात पुष्कळ शस्त्रवैद्य तो एकटाच बराच मागे नेण्याऐवजी वरचा थोडा पुढे आणि खालचा थोडा मागे असा मार्ग पत्करतात. त्यात स्थैर्य अधिक राहते आणि घशातील श्वासमार्गही फारसा अरुंद होत नाही.

पहिल्या वर्षानंतरचे बदल वेगळ्या कारणांनी होतात, आणि त्यांत सर्वांत गंभीर कारण म्हणजे कानापुढच्या सांध्यातील हाडाचा गोल माथा झिजणे. खालचा जबडा मागे असलेल्या, लांबट चेहऱ्याच्या तरुण स्त्रियांत हा दोष विशेष आढळतो. काहींच्या बाबतीत तो शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू झालेला असतो, काहींत जबडा पुढे आणल्यावर सांध्यावर येणाऱ्या भाराने त्याला वेग येतो. माथा झिजला की जबड्याची उंची कमी होते, हनुवटी मागे जाते आणि पुढच्या दातांत फट पडू लागते. वेदना होतीलच असे नाही, आणि म्हणून रुग्णाला ते फार उशिरा कळते. नॉर्थ कॅरोलायनाच्या अभ्यासात एक अनपेक्षित गोष्ट आढळली ती हीच की, पहिल्या वर्षानंतरच्या दीर्घ काळात, खालचा जबडा पुढे असल्याबद्दल शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची जुळणी, तो मागे असलेल्या लांबट चेहऱ्याच्या रुग्णांपेक्षा चांगली टिकली. सांध्याची झीज चालू असल्याचा संशय असेल, तर ती थांबली आहे अशी खातरी झाल्याखेरीज शस्त्रक्रियेची घाई करणे म्हणजे दोषाला आमंत्रण देणे होय.

दुसरे कारण वाढ. खालचा जबडा वरच्यापेक्षा उशिरापर्यंत वाढतो, आणि मुलग्यांत तो मुलींपेक्षा अधिक काळ वाढतो. म्हणून जबडा पुढे असलेल्या सतरा वर्षांच्या मुलावर, शाळेतील चिडवण्याला कंटाळून घरच्यांनी केलेल्या तगाद्यामुळे, शस्त्रक्रिया केली तर उरलेली वाढ दोन वर्षांत केलेले काम पुसून टाकू शकते. काही महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या क्ष-किरण चित्रांत वाढ थांबल्याचे दिसल्यावरच तारीख ठरविणे हा यावरचा शहाणपणाचा बंदोबस्त आहे. लग्न ठरण्याच्या आधी चेहरा नीट व्हावा या इच्छेने, विशेषतः मुलींच्या बाबतीत, जी मुदत घातली जाते तिच्यापुढे हाडांचे शास्त्र वाकत नाही, हे आईवडिलांना समजावून सांगण्याची जबाबदारी वैद्याचीच आहे.

तिसरे कारण दातांचे. हाडे जागेवर राहिली तरी दात सरकू शकतात, आणि उलट, दात कलून हाडांचे थोडे परतणे झाकूही शकतात. म्हणूनच वरून जुळणी चांगली दिसत असतानाही आत हाड सरकलेले असू शकते. नॉर्वेच्या काअरे रीटान यांच्या संशोधनाने दाखवून दिले की, दात हलविल्यावर त्याच्या मुळाभोवतीचे तंतू काही महिन्यांत नव्याने विणले जातात, पण हिरडीतील लवचीक तंतूंना त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो, आणि तोवर ते वळविलेल्या दाताला पूर्वीच्या कोनाकडे ओढीत राहतात. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जागा करण्यासाठी दात काढून तारा बसविलेल्या रुग्णांना उपचारानंतर दहा वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांच्या खालच्या पुढच्या दातांची रांग समाधानकारक राहिली नव्हती. या रुग्णांवर शस्त्रक्रिया झालेली नव्हती. परंतु ज्यांच्यावर झाली आहे त्यांचे दातही त्याच तंतूंनी धरलेले असतात.

यावरचा इलाज म्हणजे रिटेनर. त्याचा एक प्रकार काढता-घालता येतो आणि पहिले काही महिने जवळजवळ पूर्ण वेळ, मग रात्रीचा, घालावयाचा असतो. दुसरा म्हणजे खालच्या पुढच्या सहा दातांच्या आतल्या बाजूला, सुळ्यापासून सुळ्यापर्यंत, चिकटवून टाकलेली बारीक तार. ही तार जिभेला सुरुवातीचे काही दिवस जाणवते, मग माणूस तिला विसरून जातो, आणि विसरण्यातच धोका असतो: एखाद्या दातावरचा चिकटवलेला ठिपका सुटतो, तार बाकीच्यांवर घट्ट असल्यामुळे काहीच हलल्यासारखे वाटत नाही, आणि तो सुटलेला एकटा दात काही आठवड्यांत रांगेबाहेर जातो. तारेखाली किटणही लवकर साचते. आरसा आणि नख यांच्या साहाय्याने प्रत्येक ठिपका महिन्यातून एकदा तपासणे ही सवय कोणालाही लावून घेता येते. पुढच्या दातांत फट असलेल्या रुग्णांना आणखी एक दक्षता हवी. बोलताना, गिळताना आणि विशेषतः विसाव्याच्या वेळी जीभ दातांमध्ये ठेवण्याची जुनी सवय राहिली, किंवा नाक चोंदलेले असल्यामुळे तोंडाने श्वास घेणे चालू राहिले, तर मिटविलेली फट पुन्हा उघडण्याचा संभव वाढतो, आणि तेथे नाक-घशाच्या डॉक्टरांचाही सल्ला घ्यावा लागतो.

आपल्याकडे या विषयाला जोडून दोन व्यंगे वारंवार भेटतात. लहानपणी हनुवटीवर पडल्याने, किंवा कानाच्या दुर्लक्षित संसर्गाने, जबड्याचा सांधा कवटीला हाडानेच चिकटतो, तोंड बोटभरही उघडत नाही आणि खालच्या जबड्याची वाढ खुंटते. सांधा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी, नंतर कित्येक महिने दुखत असतानाही तोंड उघडण्याचे व्यायाम रोज केले नाहीत, तर तो पुन्हा जखडतो. आणि जन्मतः ओठ व टाळू दुभंगलेल्या मुलांत, बालपणी झालेल्या शस्त्रक्रियांच्या वणांमुळे वरचा जबडा मागे राहतो. तो पुढे आणला म्हणजे तेच वण त्याला मागे ओढतात, म्हणून त्यांच्यात परतण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो. या दोन्ही गटांतील मुलांच्या पालकांना पहिल्या भेटीपासूनच वर्षांच्या हिशेबाने बोलावयास हवे.

आता उत्तनकडे वळू. तेथील किनाऱ्यावरील घरांचे वर्ष मासेमारीच्या हंगामाने बांधलेले असते, आणि पावसाळ्यातील मासेमारीबंदीच्या मुदतीत, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असताना, घरातील मोठे ऑपरेशन उरकून घ्यावे असे कोणालाही वाटेल. हाडाच्या प्राथमिक सांधण्याला लागणारे पाच-सहा आठवडे त्या मुदतीत बसतात, हे खरे. त्या काळात तांदळाची पेज, मऊ भात, काटा काढून कुस्करलेली ताजी मासळी आणि कालवणाचे पाणी यांवर भागविता येते. भाजलेला सुका बोंबील, सुकट आणि चिवट मांस यांना डॉक्टर सांगतील तोवर दूर ठेवावे लागते, आणि तोंडावर आघात होईल अशी जाळी-दोरीची ओढाताणीची कामेही टाळावी लागतात. पण नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा समुद्रात गेल्या म्हणजे उपचार संपला, असा जो हिशेब मनात बसतो तो चुकीचा आहे. रबरे लावण्याचे आठवडे, तारांचे उरलेले महिने, रिटेनरची वर्षे आणि निदान एका वर्षाने व पाच वर्षांनी घ्यावयाची क्ष-किरण चित्रे, हे सारे त्यानंतरचेच असते.

रुग्णाने पहिल्या भेटीत विचारावयाचे प्रश्न थोडेच आहेत. माझा कोणता जबडा कोणत्या दिशेने आणि किती हलवणार, आणि त्या हालचालीचे स्थैर्य कितपत आहे? माझी वाढ थांबल्याचे कशावरून ठरविले? माझे सांधे तपासले काय? शस्त्रक्रियेनंतर मला किती वेळा, आणि किती वर्षे, यावे लागेल? खर्चाच्या आकड्यात नंतरच्या तारा, रिटेनर आणि चित्रे धरली आहेत काय, आणि कोणत्या शासकीय योजनेतून त्यातले काही मिळू शकते? या प्रश्नांची उत्तरे केसपेपरवर लिहून मागावीत, आणि केसपेपर, दातांचे साचे व चित्रे घरी जपून ठेवावीत. गाव बदलले, डॉक्टर बदलले, तरी ती पुढच्या तज्ज्ञाच्या उपयोगी पडतात.

आणि व्यवस्थेनेही आपला वाटा उचलला पाहिजे. १९६५ साली स्थापन झालेली भारतीय दंतव्यंगोपचारतज्ज्ञांची संस्था आहे, मुखशल्यचिकित्सकांची आपली संघटना आहे, मुंबईत आणि नागपुरात शासकीय दंत महाविद्यालये आहेत; या साऱ्यांनी मिळून शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाची नोंदवही दहा वर्षे चालविली, तर आपल्या लोकांच्या जबड्यांविषयी आपल्याच आकड्यांनी बोलता येईल; आज आपण अमेरिकेचे आकडे उसने घेतो. भाईंदर पश्चिमेतील भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालयासारख्या जवळच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस अशा रुग्णांची तपासणी झाली, तर उत्तन, डोंगरी, पाली, चौक येथील माणसाला रिटेनरचा सुटलेला ठिपका दाखविण्यासाठी मुंबईची फेरी मारावी लागणार नाही. हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या जबड्यावर शस्त्रक्रिया झाली आहे आणि ज्यांनी वर्षभरात डॉक्टरांचे तोंड पाहिलेले नाही, त्यांनी आपला जुना केसपेपर शोधून या महिन्यात एकदा तपासून यावे, एवढी आमची विनंती आहे.